विचारावे की न विचारावे?



वसंतातल्या संध्याकाळी मरणाविषयी, आणि तेही मुलांच्या मरणाविषयी, बोलायला उभे राहणे मला रुचत नाही. पण परीक्षांच्या निकालांचे दिवस याच सुमारास येतात, म्हणून हाच काळ योग्य, असे चिटणिसांचे म्हणणे पडले आणि ते मला मान्य करावे लागले.

मी पेशाने शिक्षक. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने आठवड्याभरात आपली बॅट एका मित्राला, तिकिटांचा संग्रह दुसऱ्याला आणि कंपासपेटी तिसऱ्याला देऊन टाकली. मी वर्गासमोर त्याच्या औदार्याचे कौतुक केले. कित्येक दिवसांनी तो हसला, याचे मला समाधानही वाटले. त्याच रात्री त्याच्या आजीने त्याला जवळ बसवून सरळ विचारले, "बाळा, जीव नकोसा झालाय का रे तुला?" तो तासभर रडला आणि मग सगळे बोलला. मी शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेला. आजी सही करण्यापुरती शिकलेली!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांपैकी १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले; हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. आपण लगेच म्हणतो, परीक्षाच याला कारण. परंतु परीक्षेतील अपयश हे कारण त्या वर्षी सर्व वयांचे मिळून २,२४८ मृत्यूंपुढेच नोंदलेले आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पहिले कारण 'कौटुंबिक अडचणी' हे आहे. शिवाय पोलिसांच्या रकान्यात एकच कारण मावते. मुलाच्या मनात चार-पाच एकत्र नांदत असतात. घरातली मारहाण, कुणी केलेला अत्याचार, वर्गातली टवाळी, जातीवरून झालेला अपमान, जवळच्या माणसाचा मृत्यू, आणि या सर्वांच्या तळाशी कित्येकदा न ओळखलेला नैराश्याचा आजार. निकाल ही शेवटची काडी.

तो आजार ओळखू का येत नाही? मोठा माणूस खिन्न झाला की खिन्न दिसतो. मूल मात्र चिडके होते, उलट उत्तरे देते, पोट दुखते म्हणते, रात्र रात्र जागते, आवडत्या खेळातून अंग काढून घेते. आपण त्याला 'वयाचा दोष' म्हणतो. वयाचा भाग आहेच. कारण आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पक्व व्हायला विशी उलटावी लागते. म्हणून या वयात विचार आणि कृती यांतले अंतर कधी कधी काही मिनिटांचेच असते. 'मी नसलो तर तुमची कटकट जाईल' असे कुणी बोलले, आवडत्या वस्तू वाटल्या, किंवा पूर्वी एकदा तसा प्रयत्न केलेला असला, तर ते नाटक समजू नये. पूर्वीचा प्रयत्न ही तर सर्वांत मोठी खूण.

लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने 'समॅरिटन्स' ही दूरध्वनीवरून दुःख ऐकून घेणारी संस्था काढली. त्यामागची हकीकत अशी : १९३५ साली त्यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी केला होता. तिला पाळी आली, तो घाणेरडा रोग आहे असे तिला वाटले, आणि विचारायला कुणी नव्हते. एका वाक्याच्या उत्तराने जी वाचली असती, ती गेली.

आता मूळ प्रश्न. असे विचारल्याने नसलेली कल्पना डोक्यात शिरेल, ही भीती प्रत्येक पालकाला वाटते. मलाही वाटत असे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर याचीच परीक्षा घेतली गेली. निम्म्यांच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांविषयी प्रश्न घातले, निम्म्यांच्या नाही. दोन दिवसांनी सर्वांनाच विचारले. आधी प्रश्न विचारलेल्यांत तसे विचार वाढलेले आढळले नाहीत. आणि जी मुले आधीच नैराश्यात होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांचा त्रास प्रश्न विचारल्याने वाढला नाही, उलट थोडा कमीच दिसला. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आजीने प्रश्नावली न छापता तेच केले होते.

मात्र विचारायचे ते ऐकण्यासाठी. 'असले वेडे विचार करू नकोस, आईबापांचा विचार कर' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळावे. मूल 'हो' म्हणाले तर त्याला एकटे सोडू नये, आणि घरातली औषधे, शेतीची विषारी औषधे कुलपात ठेवावीत. याला काही लोक वरवरचा उपाय म्हणतात. ते खरे नव्हे. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. सरकारने अतिविषारी शेतीऔषधांवर एकामागून एक बंदी घातली आणि पुढील वीस वर्षांत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. माणसांची दुःखे काही तेवढी घटली नव्हती. हाताशी असलेले साधन दूर गेले होते आणि मधल्या वेळात लाट ओसरत होती.

नंतर डॉक्टर. 'लोक काय म्हणतील' याबरोबरच 'पोलीस येतील' या धाकानेही घरे गप्प बसत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने असा प्रयत्न करणारा तीव्र मानसिक ताणाखाली आहे असेच मानायचे ठरवले, आणि जुने कलम ३०९ तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेलेच नाही. मध्यरात्री डॉक्टर कुठे शोधावा, अशी पंचाईत झाली तर सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, मराठीतही.

माझा तो विद्यार्थी तीन आठवड्यांनी शाळेत परतला. मित्रांनी बॅट आणि तिकिटे काही न बोलता त्याच्या बाकावर आणून ठेवली. कंपासपेटी हरवली होती. ती मी घेऊन दिली.