खुर्ची लेकराच्या मापाची हवी

लेकरू चार वर्षांचे. मान नीट धरत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. आई त्याला कडेवर घेऊनच चुलीपाशी बसते, नळावर जाते, विहारात येते. एक दिवस आशाताई सांगते, तालुक्याला शिबिर आहे, चाकाची खुर्ची फुकट मिळते. ईटहून भूमला जायचे, मजुरी बुडवून दिवसभर रांगेत थांबायचे. खुर्ची मिळते, फोटो निघतो. घरी आणून लेकराला बसवावे तर ते एका अंगाला कलंडते. दोन्ही बाजूंना वीतभर जागा रिकामी, पाय अधांतरी. पंधरा दिवसांत त्या खुर्चीवर धुतलेले कपडे येऊन पडतात आणि लेकरू पुन्हा आईच्या कडेवर.

असे घर आपल्या बहुतेक वस्त्यांत सापडेल. दोष लेकराचा नसतो, आईचाही नसतो. खुर्ची मोठ्या माणसाची असते.

मोठ्यांच्या साध्या व्हीलचेअरची बैठक सोळा ते अठरा इंच रुंद असते. चार-पाच वर्षांच्या मुलाची बसल्यावरची रुंदी भरते आठ-नऊ इंच. आपण मुलाला बापाची चप्पल घालून शाळेत पाठवत नाही, मग दिवसाचे चार-पाच तास ज्यात बसायचे ती खुर्ची बापाच्या मापाची कशी चालेल? आणि इथे प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. वाकडे बसून बसून कणा वाकडा वाढतो. खुब्याचा सांधा निसटू शकतो. मान मागे टाकून पडल्या पडल्या भरवले तर घास श्वासनलिकेत जातो, आणि अशा मुलांना वरचेवर न्यूमोनिया होण्याचे हे एक मोठे कारण आहे. नीट बसलेल्या मुलाचे हात मोकळे होतात, ते समोर पाहते, घास गिळते, शाळेत बसू शकते.

आता माप. दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट हे घेतातच, पण आईबापालाही आले पाहिजे. शिवणकामाची टेप पुरते. मुलाला सपाट बाकावर बसवा, एकाने मागून धरावे. दोन्ही खुब्यांमधली रुंदी घ्या. बैठक तिच्यापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक बोट जास्त असावी, त्याहून नको. मग पाठीमागून गुडघ्याच्या लवणीपर्यंतची लांबी घ्या, आणि बैठकीची खोली तिच्यापेक्षा दोन बोटे कमी ठेवा. खोली जास्त झाली की कड गुडघ्यामागे रुतते आणि मूल पुढे घसरून पाठीची कमान करून बसते. गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंतचे माप पायटा किती उंचीवर हवा ते सांगते. पाऊल पूर्ण टेकलेच पाहिजे. पाठ किती उंच हवी हे मुलाच्या ताकदीवर ठरते. मान आणि धड धरत नसेल तर डोक्यापर्यंत पाठ, डोक्याला आधार, छातीच्या दोन्ही बाजूंना उशा आणि कमरेला पट्टा लागतो. पट्टा पोटावर नाही, खाली मांडीच्या सुरुवातीवर बसवायचा. पोटावर बांधला की मूल त्याखालून घसरते.

अशा मुलांसाठी साध्या व्हीलचेअरपेक्षा ‘सी.पी. चेअर’ बरी. सी.पी. म्हणजे सेरेब्रल पाल्सी. जन्माआधी, जन्मताना किंवा लगेच नंतर मेंदूला इजा झाल्याने हा त्रास होतो: दिवस भरण्याआधी जन्म, बाळ वेळेवर न रडणे, तीव्र कावीळ, मेंदूचा जंतुसंसर्ग. एवढी सरळ कारणे असताना घरातली एखादी जाणती बाई ‘मागच्या जन्मीचे’ म्हणून सुनेला टोचते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त खोडून काढला आहे. विहारात आपण तो ग्रंथ वाचतो आणि घरी येऊन तीच भाषा बोलतो.

सी.पी. चेअर आणि मुलांच्या मापाची व्हीलचेअर या दोन्ही कानपूरच्या ‘अलिम्को’ या केंद्र सरकारच्या कारखान्यात तयार होतात. हा कारखाना १९७२ साली उभा राहिला. शिबिरांत वाटप होते ते बहुधा ‘एडिप’ योजनेतून. या योजनेसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साहित्य पूर्ण मोफत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. एकदा साहित्य मिळाले की तेच साहित्य पुन्हा तीन वर्षे मिळत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र ही अट एकच वर्षाची आहे, कारण मूल वाढते. ‘तुम्हाला एकदा मिळाले ना’ म्हणून कोणी परत पाठवले तर हे शांतपणे सांगावे आणि अर्ज लेखी द्यावा.

शिबिरे बहुधा दोन टप्प्यांत होतात, आधी तपासणी व मोजमाप, काही महिन्यांनी वाटप. तपासणीच्या दिवशी मूल सोबत न्याच. ‘लेकराला कशाला उन्हात’ म्हणून नुसती कागदे घेऊन गेलात, तर माप कोणाचे घेणार? आणि वाटपाच्या दिवशी खुर्ची ताब्यात घेण्याआधी मुलाला तिथेच त्यात बसवून पाहा. फुकट मिळते म्हणून तक्रार करायची नाही, ही आपली जुनी सवय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलांना अठरा वर्षांपर्यंत योग्य साहाय्यक साधने मोफत द्यायची आहेत. कायद्यातला शब्द ‘योग्य’ असा आहे, तो लक्षात ठेवा.

दाखल्यासाठी यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि तपासणी ठरलेल्या सरकारी रुग्णालयात होते. मूल अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा तिथे येते. त्यांना मूल दाखवा आणि पुढची चिठ्ठी मागा. शाळेच्या वयाचे असेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे नाव नोंदवा. कणा फार वाकला असेल तर खुर्चीआधी मोठ्या ठिकाणी दाखवावे लागते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते.

आपल्याकडची एक अडचण शहरातल्या डॉक्टरांच्या ध्यानात येत नाही, ती आपणच सांगितली पाहिजे. भूम तालुक्यातली किती तरी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सी.पी. चेअर अवजड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तिला जागा नाही आणि फडातल्या मऊ मातीत तिची बारीक चाके रुततात. मूल सोबत न्यायचे असेल तर घडीची, मोठ्या चाकांची, मुलांच्या मापाची खुर्ची मागा. चाक भरीव रबराचे असले तर बाभळीच्या काट्याची भीती नाही. मूल आजीकडे राहणार असेल तर कसे बसवायचे, पट्टा कुठे बांधायचा हे आजीला हातात हात धरून शिकवा, आणि तपासणीची नोंद गाव सोडण्याआधी उरकून घ्या.

खुर्ची येईपर्यंत मूल पडून ठेवू नका. भिंतीच्या कोपऱ्यात बसवून दोन्ही बाजूंना गोधडीच्या वळकट्या लावा, पायाखाली पाट द्या. गावातला सुतार फळ्यांची कोपऱ्याची बैठक करून देतो, माप वरचेच. गळ्यापाशी काही बांधू नका आणि मुलाला एकटे सोडू नका.

‘खुर्चीत बसवले तर चालायचे विसरेल’ अशी भीती खूप आयांना असते. तसे होत नाही. व्यायाम, उभे करणे, पालथे झोपवणे हे चालूच ठेवायचे. मात्र दिवसभर सलग खुर्चीत ठेवले तर गुडघे आखडतात.

उंबरठा आणि पायऱ्यांसाठी एक हिशोब सोपा आहे: एक इंच उंचीला एक फूट उतार. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. विहाराच्या किंवा शाळेच्या दारातल्या उतारासाठी ग्रामसभेत तो हिशोब विचारता येतो. उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी, मुलाची पाठ उताराकडे करून आणायची.

नवी खुर्ची आल्यावर पहिले काही दिवस अर्धा-अर्धा तासच बसवा. उठवल्यावर ढुंगण, कणा, टाचा आणि पट्ट्याखालची कातडी बघा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून पाहा. जागा गरम किंवा कडक लागली आणि अर्ध्या तासाने तशीच राहिली, तर त्या जागी भार पडतो आहे. तोवर खुर्ची थांबवा आणि ज्यांनी माप घेतले त्यांनाच दाखवा.