कार्डाची मर्यादा उतरवण्यापूर्वी



खर्चाला आळा बसावा म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा कमी करून घेणारे पुष्कळ आहेत. हेतू चांगला, पण आधी हिशेब मांडावा, असे आम्ही सुचवतो.

मर्यादा १ लाख रुपये आणि उचल ३० हजार, म्हणजे वापर ३० टक्के. मर्यादा ५० हजारांवर आणली की तीच उचल ६० टक्के दिसते. खर्च रुपयानंही वाढला नाही, तरी पत घसरू शकते. सिबिलचे गुण ३०० ते ९००. ट्रॅक्टरचं कर्ज मागायला गेलं की बँका ते बघतात.

तेव्हा आधी बाकी फेडा, मग मर्यादा उतरवा. कर्ज काढायचं असेल, तर ते हाती पडेपर्यंत थांबा. वर्षातून एकदा पत-अहवाल फुकट मिळतो. तो जरूर मागवून पाहावा.