चाक मोठे केले, पण...

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावच्या शिवारात भर पावसाळ्यात पाणंद रस्त्याने कधी चालला आहात का? दहा पावलांत चपलेला मातीचा एवढा थर चढतो, की पाय उचलवत नाही. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारे अतिसूक्ष्म कण असतात. त्यामुळे ओली झाली की ती चिकटही होते आणि निसरडीही. तिच्यात भरलेला ट्रक फसला, की चाके जागीच गरगरतात.

यावर काही जण ट्रकला मोठी चाके बसवतात. उपाय सोपा वाटतो. पण यंत्राचा एक भाग बदलला, की बाकीचे भाग त्याचा जाब विचारतात. कसा, ते हिशेबानेच पाहू.

काटा फसवतो

मूळ चाकाचा व्यास ७५ सेंमी. आणि नव्याचा ८२.५ सेंमी. आहे असे समजा. व्यास साडेसात सेंमी.ने वाढला, तरी गाडीचे पोट त्याच्या निम्मेच, म्हणजे पावणेचार सेंमी. वर उचलले जाते. गुरुत्वमध्यही तेवढाच वर जातो आणि गाडी कलंडण्याची भीती वाढते.

आता परीघ काढा. एका फेऱ्यात पूर्वी सुमारे २३६ सेंमी. अंतर कापले जाई, आता २५९ सेंमी. कापले जाते. गिअरबॉक्सला जोडलेला वेगमापक मात्र फेरेच मोजतो. काटा ताशी ४० किमी. दाखवतो, तेव्हा खरा वेग ४४ असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ब्रेकला २१ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. चालकाला याचा पत्ताही नसतो! शिवाय चाकाची त्रिज्या वाढल्याने जमिनीवरची ओढ सुमारे ९ टक्क्यांनी घटते. म्हणजे ज्या चिखलासाठी खटाटोप केला, तिथेच ट्रक दुबळा पडतो.

एका दाताची करामत

चाकांच्या आसामधल्या हौसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चक्रांची जोडी असते. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील, तर गुणोत्तर ४.१० येते. त्याजागी ४१ आणि ९ दातांची जोडी बसवली, तर ते ४.५६ होते. ओढ परत मिळते आणि काटाही जवळजवळ खरे बोलू लागतो.

मात्र चारही चाके ओढणाऱ्या ट्रकमध्ये पुढची व मागची, दोन्ही हौसिंगे बदलावी लागतात. एकच बदलले, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात. चिखलात ती घसरून जुळवून घेतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांची ओढ चालू ठेवली, तर शाफ्टला पीळ पडतो आणि दात तुटतात.

पाणी आत कसे शिरते?

दूरवर धावून तापलेला ट्रक ओढ्यात उतरला, असे समजा. हौसिंगमधली हवा ८० अंश सेल्सिअसवरून ३० वर आली, म्हणजे निरपेक्ष तापमान ३५३ वरून ३०३ झाले. हवेला ये-जा करण्यासाठी हौसिंगवर ब्रीदर नावाची बारीक वाट असते. ती चिखलाने बुजली असेल, तर आतला दाब सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो आणि ऑइलसीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधी रंगाचे होते, वंगण नीट होत नाही आणि बेअरिंग झिजतात. म्हणून चिखलातून परतल्यावर जाणता मिस्त्री आधी ब्रीदर साफ करतो आणि ऑइलचा रंग पाहतो. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे तोंड उंचावर नेले, तर ते पाण्याखाली जात नाही.

उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ मनाई करते. त्यामागचे कारण वरच्या हिशेबात तुम्हाला दिसलेच असेल. ट्रकमध्ये माणसे बसतात आणि रस्त्यावरून तुमच्यासारखी मुले शाळेत जातात.

घरी एक प्रयोग करा. सायकलच्या चाकावर खडूची खूण करून एका फेऱ्यात कापलेले अंतर मोजा. मग पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मोजून, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल ते आधी कागदावर काढा आणि नंतर पडताळून पाहा. उत्तर जुळले, की ट्रकच्या मिस्त्रीचे निम्मे गणित तुम्हाला आले म्हणून समजा.