चिलापीच्या तोंडातली अंडी

आषाढातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी शेजारचे टेम्पोवाले म्हणाले, "उद्या भाडे नाही, चला उजनीला!" तासाभरात स्टोव्ह, पीठ, सतरंज्या आणि फेकजाळे घेऊन दोन कुटुंबे टेम्पोत बसली. रात्र टेम्पोतच काढली आणि सकाळी भीमानगरजवळ पाण्यावर पोचलो.

पहिल्याच फेकीत चिलापी आली. हातात घेताच तिच्या तोंडातून पिवळसर अंडी सांडली. ही मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. रोहू-कटल्याची वीणही पावसाळ्यातच. धाकटीने विचारले, "बाबा, आपण पाणातिपाता रोज म्हणतो ना?"

वर्षावासात विहारात आपण 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. आपण मासे खाणारी माणसे, ढोंग कशाला? पण पीठ सोबत असताना ती गरज नव्हती, हौस होती. चिलापी अंड्यांसकट पाण्यात सोडली. दुपारी पिठले-भाकरी गोड लागली.

बंधू-भगिनींनो, मासे जरूर खा. पण विणीच्या दिवसांत हौसेचे जाळे घरीच राहू द्या. शील पाठ करायचे असते, तसे पाळायचेही असते. जयभीम!