सौम्य ताप आणि घरातले आजी-आजोबा



हिवाळ्यात वर्गात खोकल्याचे आवाज वाढले की आम्हां शिक्षकांना जानेवारी २०२२ आठवतो. तेलंगणातील शाळांना ८ जानेवारीला संक्रांतीची सुट्टी लागली, ती ३० तारखेपर्यंत वाढली आणि शाळा १ फेब्रुवारीला उघडल्या. परत आलेल्या मुलांकडे जवळजवळ एकच हकिगत होती: "आधी दादाला ताप आला, मग आईला, मग आम्हां सगळ्यांना." बहुतेक जण चार दिवसांत बरे झाले. पण एकाच घरात आजार इतक्या झपाट्याने कसा फिरला, हे समजून घेणे आजही उपयोगाचे आहे.

तो करोनाचा 'ओमिक्रॉन' हा प्रकार. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी त्याची माहिती जगाला दिली आणि डिसेंबरच्या मध्यास तो हैदराबादेतही सापडला. आपल्याच शहरातील सीसीएमबी या संस्थेत विषाणूंची जनुके तपासून असे नवे प्रकार ओळखले जात होते. वही उतरवून घेताना आपल्या चुका होतात, तशा विषाणूच्याही स्वतःच्या प्रती काढताना होतात. एखादी चूक त्याच्या फायद्याची ठरते. ओमिक्रॉनच्या अंगावरील काट्यांसारख्या प्रथिनात तिसाहून अधिक बदल झाले होते. त्यामुळे लसीने किंवा आधीच्या आजाराने तयार झालेली प्रतिपिंडे त्याला चटकन ओळखू शकली नाहीत. गंभीर आजारापासून मात्र लसीने पुष्कळ संरक्षण दिले.

प्रयोगशाळेत असे दिसले की हा विषाणू श्वासनलिकांत भराभर वाढतो, खोल फुफ्फुसात मात्र कमी. म्हणून न्यूमोनिया कमी झाला, पण बोलता-खोकताना बाहेर पडणारा विषाणू काही कमी नव्हता. शिवाय संसर्गानंतर साधारण तीन दिवसांतच लक्षणे दिसत आणि त्याआधी एक-दोन दिवस तो माणूस इतरांना आजार देऊ शकत असे. म्हणजे ताप मोजेपर्यंत उशीर झालेला असे. डेन्मार्कमध्ये केलेल्या पाहणीत रुग्णाच्या घरातील दर १०० माणसांपैकी सुमारे ३१ जणांना ओमिक्रॉनची लागण झाली. आधीच्या डेल्टा प्रकारात हा आकडा २१ होता.

आता कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा भागातली आपली घरे डोळ्यांपुढे आणा. रात्री एका खोलीत चार अंथरुणे आणि थंडीमुळे खिडक्या बंद. कोपऱ्यात उदबत्ती लावली की वास साऱ्या खोलीत पसरतो. श्वासातले सूक्ष्म कणही तसेच पसरतात. त्यातच संक्रांतीचा तिळगूळ आणि हळदीकुंकवाची ये-जा!

आजार सौम्य होता, पण कोणासाठी? फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये हाँगकाँगमध्ये याच ओमिक्रॉनने हजारो वृद्धांचा बळी घेतला. त्यांतील बहुतेकांनी लस घेतली नव्हती किंवा अपुरी घेतली होती. नातवाचा दोन दिवसांचा ताप आजोबांसाठी रुग्णालयाची वाट ठरू शकतो. हे करोनापुरतेच नाही; फ्लूचेही तसेच आहे.

म्हणून घरात कोणाला ताप-खोकला आला, तर दोन खिडक्या समोरासमोर उघडा. आजाऱ्याने मास्क लावावा, जमल्यास वेगळ्या खोलीत निजावे. खोली एकच असेल तर आजी-आजोबांचे अंथरूण त्याच्यापासून दूर, खिडकीजवळ घाला. त्यांचे जेवण-औषध निरोग्याने द्यावे. त्यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यांना धाप लागली तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नका.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की तापामुळे झालेली गैरहजेरी पूर्ण उपस्थितीच्या बक्षिसाआड येऊ नये. बक्षीस हुकेल म्हणून अंगात ताप असताना मूल शाळेत आले, तर तो ताप संध्याकाळी अनेक घरी पोहोचतो.

आणि मुलांनो, बरे वाटत नसेल तर लपवू नका. आधी आईला सांगा, मग आम्हांला. बुडालेला अभ्यास आम्ही भरून काढू.