पाणंद, बंधारा आणि तुटक रेघ : मुरगूडभोवतीच्या पायवाटा

ट्रेकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सॅक, टॉर्च, गड, धुकं आणि शेवटी ग्रुप फोटो. आपल्या कॉलेजचा ग्रुपही दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड करतो आणि मीही केलाय. पण गेल्या मे महिन्यात मी मामाकडे मुरगूडला होतो आणि परीक्षेनंतर करायला काहीच नव्हतं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चालायला गडच पाहिजे असं काही नाही. वेदगंगेकाठचं हे कागल तालुक्यातलं गाव (नगरपालिका आहे, पण सगळे गावच म्हणतात) चारी बाजूंनी चालण्यासारखं आहे. फक्त तिथं कुठलीही पाटी नाही.

सुरुवात माझ्या अज्ञानापासून. मी आजीला विचारलं, माळावर जायला शॉर्टकट आहे का? ती म्हणाली, "आरं, पाणंदीनं जा की." कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझी मराठी वाचण्यापुरती बरी आहे, पण 'पाणंद' शब्द मला एकदम लागला नाही. मला वाटलं एखाद्या बाईचं नाव असेल! आजी हसून हसून लाल झाली.

तर पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट. दोन्ही बाजूंना बांध, त्यावर निवडुंग, घायपात, कुठे करंज नाहीतर बाभूळ. मधली वाट शेतापेक्षा बऱ्याचदा खोल असते. कारण सोपं आहे. वर्षानुवर्षं बैलगाडीची चाकं माती भुसभुशीत करतात, पावसाचं पाणी ती वाहून नेतं, आणि शेतकरी बांध घालताना दोन्हीकडची माती वर ओढतो. थोडक्यात, वाटेचं क्रॉस सेक्शन हळूहळू नाल्यासारखं होतं. म्हणून तर पावसाळ्यात पाणंदीत गुडघाभर चिखल असतो. इंग्लंडमध्येही अशा खोल गेलेल्या जुन्या वाटा आहेत, त्यांना तिथे 'होलोवे' म्हणतात आणि लोक मुद्दाम त्या बघायला जातात. आपण मात्र पँट वर करून शिव्या देत जातो.

आता वाटा. सगळ्यात सोपी वाट सर पिराजीराव तलावाची. कागलचे जहागीरदार पिराजीराव घाटगे म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे बंधू. त्यांच्या नावाचा हा तलाव गावाला लागूनच आहे. सकाळी बांधावर चालायला जाणारे आजोबा लोक भेटतात आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला तलाव कुठल्या साली कधी भरला हे तोंडपाठ असतं. मला स्वतःला ही वाट थोडी बोअर झाली. पण ज्यांना चालायची सवय नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

दुसरी वाट नदीची, आणि ही सिव्हिलवाल्यांनी तरी चुकवू नये. वेदगंगेवर ओळीनं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. वाघापूर, कुरणी, सुरुपली, बस्तवडे, चिखली ही नावं आपण पावसाळ्यात 'पाण्याखाली गेलेले बंधारे' या बातमीत दरवर्षी वाचतो. आपल्या सिलॅबसमध्ये के. टी. वेअर म्हणून जे येतं ते हेच. ओळीनं दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचांत उभ्या ओळीनं बसवलेल्या फळ्या. त्यांना इकडे 'बर्गे' म्हणतात. पावसाळा संपला की बर्गे बसवतात, पाणी अडतं आणि उसाला मिळतं. पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे काढून घेतात, म्हणजे पुराला वाट मोकळी. कायमची भिंत बांधली असती तर पुराच्या वेळी वरच्या बाजूला पाणी तुंबलं असतं आणि गाळही साठला असता. इतकी साधी आयडिया, आणि तिला आपल्या जिल्ह्याचं नाव आहे! व्हायवाला विचारलं तर मी आता पुस्तकातलं सांगणार नाही, कुरणी बंधाऱ्यावरचं सांगेन.

पण चालणाऱ्याच्या दृष्टीनं बंधारा म्हणजे पूल. खांबांवरच्या स्लॅबवरून माणसं, सायकली, वैरणीचे भारे, शेळ्या, सगळं नदी ओलांडतं. त्यामुळे एका बंधाऱ्यावरून पलीकडे जायचं, पलीकडच्या काठानं शेतातून चालायचं आणि दुसऱ्या बंधाऱ्यावरून परत यायचं, असा मस्त लूप होतो. डिसेंबरात सकाळी नदीवर धुकं असतं, काठावर मोटारपंपांची घरघर असते आणि उसाच्या तोडीमुळे हवेत गोडसर वास असतो. एक मात्र कडक सूचना. स्लॅबवरून पाणी वाहत असेल तर पाऊलभर का असेना, ओलांडायचं नाही. खाली खांब कुठे संपतो ते दिसत नाही आणि पाण्याचा जोर बाहेरून कळत नाही. पावसाळ्यात हा रस्ता बंदच समजायचा. म्हणजे ही वाट वर्षातून काही महिनेच असते, आणि गावातल्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही.

तिसरी वाट जरा दमवणारी. मुरगूड वेदगंगेच्या खोऱ्यात, तर सेनापती कापशी चिकोत्रा नदीच्या खोऱ्यात. चिकोत्रा पुढे वेदगंगेलाच मिळते, पण इथे दोघींच्या मध्ये डोंगराची सोंड आहे. ती चढून पलीकडे उतरायचं. चढताना जमीन कशी बदलते ते बघण्यासारखं आहे. खाली काळी माती आणि ऊस. थोडं वर आलं की ऊस विरळ होतो, भुईमूग आणि सोयाबीन दिसतात. त्याच्या वर माळ, खडक, करवंदाच्या जाळ्या आणि मोरांचं ओरडणं. पाणी जिथपर्यंत चढवता येतं तिथपर्यंत हिरवं, त्याच्या वर पिवळं. नकाशावर काँटूर काढावी तशी ती सीमा स्पष्ट दिसते. माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला पडलेला पाऊस वेदगंगेत आणि दुसऱ्या बाजूचा चिकोत्रात जाणार, हे पुस्तकाशिवाय कळतं. उतरल्यावर कापशी. हे संताजी घोरपडेंच्या घराण्याचं गाव, म्हणून नावात 'सेनापती'. इथली कापशी चप्पलही प्रसिद्ध आहे. मी बूट घालून गेलो होतो आणि माझ्याच पायाला फोड आले, हे मामाला अजून सांगितलेलं नाही.

वेळेचा अंदाज कसा काढायचा? स्कॉटलंडच्या विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ साली एक नियम दिला. सपाटीवर ताशी साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. आपल्या उन्हात मी त्यात आणखी निम्मा वेळ मिळवतो. माळावर सावली नाही, म्हणून पाणी जवळ हवंच. अलीकडे जिल्ह्यात गवे शेतात उतरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा एकट्यानं पहाटे अंधारात डोंगराकडे जाऊ नये. गवा दिसला तर फोटो नको, मागं फिरायचं.

चौथी वाट सगळ्यांना माहिती आहे, फक्त तिला कुणी ट्रेक म्हणत नाही. अमावस्येला निढोरीवरून आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला माणसं चालत जातात. बाळूमामा १९६६ साली गेले, पण त्यांच्या मेंढ्यांचे कळप, म्हणजे 'बग्गे', अजूनही गावोगाव चालत फिरतात आणि शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवायला मिळावं म्हणून वाट बघतात. आजी तरुणपणी दर अमावस्येला जायची. ती डांबरी रस्त्यानं नाही, शेतातून जायची. मी म्हटलं, मला ती वाट दाखव. मामा मध्येच म्हणाले, "आता कुठली वाट? सगळा ऊसच की!"

इथून माझं डोकं फिरलं. सेकंड इयरला सर्व्हेइंग शिकलोय, तर म्हटलं नकाशात बघू. प्रत्येक गावाचा गावनकाशा असतो आणि तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात सर्व्हे नंबरांच्या हद्दी असतात आणि रस्तेही असतात. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी १६½ ते २१ फूट. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, रुंदी ८¼ फूट. हे विचित्र आकडे आले कुठून? आपली जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. अर्धी साखळी १६½ फूट आणि पाव साखळी ८¼ फूट! म्हणजे ज्यानं कुणी हे ठरवलं त्यानं साखळी दुमडून वाट मोजली. मला हे स्वतः सुटलं तेव्हा एम-थ्री सुटल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

नकाशात रेघ आहे म्हणजे वाट कायद्यानं आहे. ती कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यात कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून शेतात जायला रस्ता नसेल तर जमीन महसूल संहितेचं (१९६६) कलम १४३ आहे. २०२५ मध्ये शासनानं शेतरस्ते किमान ३ ते ४ मीटर रुंद असावेत आणि सातबाऱ्यावर त्यांची नोंद व्हावी असं ठरवलं. हे सगळं ट्रॅक्टर शेतात जावा म्हणून आहे आणि ते बरोबरच आहे. पण नुसत्या चालणाऱ्याचा विचार त्यात फारसा दिसत नाही.

इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक पायवाट अधिकृत नकाशावर नोंदवायला लावली. शेतातून जाणारी वाट शेतकऱ्यानं पेरणीसाठी नांगरली तर १४ दिवसांत पुन्हा किमान एक मीटर रुंदीची करून द्यावी लागते. वाट शेतकऱ्याच्या जमिनीत आणि चालण्याचा हक्क सगळ्यांचा, हे दोन्ही तिथे एकत्र नांदतं. आपल्याकडे नांदणार नाही असं मला वाटत नाही. पण ज्याचं अर्ध्या एकरात पोट आहे त्याला ८¼ फूट रुंद पट्टा सोड म्हणणं सोपं नाही, हेही खरं.

हे मला प्रत्यक्ष कळलं. नकाशाची प्रिंट घेऊन मी आजीची वाट शोधायला निघालो. पहिला भाग पाणंदीनं छान गेला. मग पाणंद संपून एकेरी तुटक रेघ सुरू झाली, आणि समोर डोक्याच्या वर ऊस. रेघ सरळ उसातून जात होती. बांधावर एक काका पाणी पाजत होते. मी चाचरत नकाशा दाखवला. वाटलं भांडण होणार. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "व्हय, वाट हुती हितनं. पर चालतंय कोण आता? समद्यांच्याकडं गाड्या." मी विचारलं, वैरणीच्या बायका कुठून जातात? त्यांनी हातानं लांबचा वळसा दाखवला, डांबरी रस्त्यानं, ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून. त्यांची स्वतःची बायकोही त्याच रस्त्यानं जाते, हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

घरी आल्यावर आजीनं एकच विचारलं, "वाटंत आंब्याचं झाड हाय का अजून?" मला सांगता येईना, उसामुळे काही दिसलंच नव्हतं.

दिवाळीनंतर आम्ही पाच-सहा जण पुन्हा मुरगूडला जाणार आहोत. आधी कुरणी बंधारा, मग ही वाट. ज्यांना यायचं आहे त्यांनी थर्ड इयर सिव्हिलच्या ड्रॉइंग हॉलबाहेर नाव द्यावं, बूट जुने घालावेत आणि प्रत्येकानं एक लिटर पाणी आणावं. त्या काकांनाही विचारून ठेवलंय. ते म्हणाले, "तोड झाली की या. रान मोकळं झालं म्हंजी दावतो, कुठनं जात हुती ती."