विमानाची गोधडी

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मशीनवर बसले होते. गौरीगणपतीचे दिवस, ब्लाऊजांचा ढीग पडलेला. लेकीनं समोर दोन कापडाचे तुकडे टाकले, एक काळा आणि एक पिवळा, आणि म्हणाली, "आई, कसलं कापड आहे, ओळख."

पंचवीस वर्षं शिवणकाम करतेय मी. बार्शीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत. कापड बोटांत धरलं की कळतं. काळा तुकडा उजेडात धरला. वीण तिरपी, जीन्सच्या कापडासारखी. पण सूत काही ओळखू येईना. कॉटन नाही, टेरिकॉट नाही. चकचकीत, आणि काठाला नुसते धागे सुटत होते. पिवळ्या तुकड्याला कात्री लावली तर कात्री त्याच्यावरून घसरली. माझी कात्री, जिला मी घरात कुणाला हात लावू देत नाही!

"आई, याची विमानं करतात," ती म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करतेय. विमान म्हणजे पत्रा, एवढंच आपल्याला माहीत.

पण मैत्रिणींनो, ती खरंच सांगत होती. सोलापूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर तिनं विमानाच्या या नव्या सामानाचं काम शिकून घेतलं होतं आणि बंगळूरच्या एका कारखान्यात तिला नोकरी लागत होती. आमच्या घरात त्यावरून आठ दिवस रामायण झालं. ह्यांचं म्हणणं, एवढ्या लांब कशाला? सासूबाईंचं म्हणणं, कारखान्यात कामाला जाणारी मुलगी म्हटल्यावर स्थळं कशी यायची? आणि खरं सांगू, मलाही ते आवडलं नव्हतं. डिप्लोमा करून शेवटी कापडच कापायचं? ते तर मी दहावी शिकून करतेच आहे, असं मी तिला बोलून गेले. तिला लागलं असणार. ती काही बोलली नाही. रात्री मात्र माझ्याजवळ बसून तिनं त्या काळ्या कापडाची सगळी कथा सांगितली.

आपण ज्या अॅक्रिलिकच्या लोकरीचे स्वेटर विणतो ना, त्याच जातीच्या धाग्यापासून हा काळा धागा करतात. तो आधी ताणून धरत दोन-तीनशे अंशांवर भाजतात. मग हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीतून काढतात, पण त्या भट्टीत हवेतला ऑक्सिजन जाऊ देत नाहीत. आपल्याकडे कोळसा पाडतात तसंच. लाकूड मातीखाली दडपून, हवा न देता जाळलं की राख न होता कोळसा होतो. तसं या धाग्यातलं बाकी सगळं उडून जातं आणि उरतो तो कार्बन. एक तंतू आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा बारीक. असे हजारो तंतू एकत्र करून एक धागा होतो, त्याचं हे कापड. त्यात एपॉक्सी मुरवायची. एपॉक्सी म्हणजे फुटकी बादली चिकटवायला आपण अॅराल्डाइट आणतो ना, त्याचीच थोरली बहीण. थरावर थर रचून भाजलं की ते इतकं टणक होतं की पोलादाला भारी पडावं. आणि वजन? एक किलोचा असा तुकडा घेतला, तर तेवढ्याच आकाराचं अॅल्युमिनियम पावणेदोन किलो भरतं आणि पोलाद जवळजवळ पाच किलो. विमान जितकं हलकं तितकं इंधन कमी. बोइंग ७८७ नावाचं मोठं प्रवासी विमान आहे, त्याच्या वजनातला निम्मा वाटा अशा सामानाचा आहे. आपलं तेजस लढाऊ विमान २००१ साली पहिल्यांदा उडालं, त्याच्या सांगाड्यातही ४५ टक्क्यांच्या आसपास हेच.

मला गंमत वाटली ती पुढं. अमेरिकेतल्या राईट बंधूंचं १९०३ सालचं विमान लाकडाचं होतं आणि त्याच्या पंखांवर होतं साधं मलमलीचं कापड, शिलाई मशीनवर शिवलेलं. पुढं अॅल्युमिनियम आलं आणि कापड मागं पडलं. आता शंभर वर्षांनी विमान पुन्हा कापडाकडं आलंय.

आणि तो पिवळा तुकडा? तो केवलार. हे सूत १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन बाईंनी ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधलं. त्यांची आई शिवणकामात हुशार, आणि त्यांना स्वतःलाही लहानपणी कपडे बेतायचा भारी नाद. प्रयोगात त्यांच्याकडं एक द्रावण तयार झालं, घट्टसर होण्याऐवजी ताकासारखं पातळ आणि गढूळ. धागा काढणारा माणूस ते यंत्रात घालायला तयारच होईना, यंत्राची छिद्रं तुंबतील म्हणून. बाईंनी हट्ट सोडला नाही. शेवटी त्याचा धागा काढला, तर तो तुटता तुटेना. वजनाला वजन धरलं तर पोलादाच्या पाचपट चिवट. बंदुकीची गोळी अडवणारी जाकिटं त्याचीच होतात, आणि विमानाच्या काही भागांतही ते वापरतात.

लेक शेवटी बंगळूरला गेली. ह्यांनीच तिला सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसवून दिलं. परत येताना स्टँडवरून भाजी घेऊन आले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

वर्षभरानं कारखान्यानं घरच्यांना बोलावलं. मोबाईल दारातच काढून घेतले. काचेपलीकडं पांढरीशुभ्र खोली, आणि पांढरे डगले, टोप्या, हातमोजे घातलेली मुलं-मुली. माझी कुठली, तेच मला आधी ओळखेना. आत बांगड्या नाहीत, गजरा नाही, पावडर, क्रीम काही म्हणजे काही नाही. हाताला लावलेल्या क्रीमचा अंश जरी थरांत गेला, तरी तिथं थर नीट चिकटत नाही म्हणे. एक केसही आत जाऊन चालत नाही.

तिथं मी पाहिलं ते सांगते. कापडात एपॉक्सी आधीच मुरवलेली असते, म्हणून ते उणे अठरा अंशांवर फ्रीजरमध्ये ठेवतात, नाहीतर ते आपलं आपणच घट्ट व्हायला लागतं. आपण इडलीचं पीठ फ्रीजमध्ये ठेवतो तशातलाच प्रकार. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, फ्रीजमधल्या भांड्याला सुटतं तसं पाणी त्याला सुटतं. ते किती तास बाहेर राहिलं, त्याची नोंद ठेवायची. मग साच्यावर एकेक थर लावायचा. पहिला उभ्या धाग्यात, दुसरा उरेब, तिसरा आडव्या. कारण या सुताची ताकद धाग्याच्या दिशेनंच असते, आडवा ताण आला तर ते कच्चं. उरेब पट्टी ताणली जाते आणि उभी का जात नाही, हे मी तिला गळ्याला पट्टी लावताना सातवीत शिकवलं होतं! काचेतून पाहताना मला तेच आठवत होतं. कोपऱ्यात थर बसवताना तिचा अंगठा फिरत होता, तो माझाच. चुणी पडू न देता कापड वळवायचं, ही काही पुस्तकात मिळणारी गोष्ट नाही.

सगळे थर झाले की वरून पिशवी लावून आतली हवा ओढून घेतात आणि भाग आत ढकलतात एका खोलीएवढ्या प्रेशर कुकरमध्ये. १८० अंशांच्या आसपास उष्णता आणि आपल्या कुकरच्या सहा-सातपट दाब, तोही कित्येक तास. बाहेर आल्यावर त्याची सोनोग्राफी. खरंच, आपल्या पोटातल्या बाळाची करतात तशी, आवाजाच्या लहरींनी. आत कुठं पोकळी राहिली का, ते त्यात दिसतं.

त्या कापडाच्या पाठीला एक पातळ कागद चिकटलेला असतो, लावताना तो सोलून काढायचा. तो चुकून आत राहिला तर? वरून काही दिसत नाही, पण तिथले थर एकमेकांना धरत नाहीत. म्हणून सोललेले कागद फेकायचे नाहीत. बाजूला ठेवायचे आणि शेवटी मोजायचे. जितके थर तितके कागद भरले पाहिजेत. आणि प्रत्येक थरापुढं, तो ज्यानं लावला त्याचा शिक्का. मी हजारो ब्लाऊज शिवले असतील, कशावर माझं नाव नाही. तिचं नाव प्रत्येक थराच्या हिशेबाला आहे. त्या दिवशी रात्री जेवताना मी तिला म्हटलं, मागं बोलले ते विसर. ती म्हणाली, "कधी काय बोललीस?" तिला आठवत नव्हतं की तसं दाखवत होती, मला कळलं नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. २६० माणसं गेली. तेही बोइंग ७८७ च होतं. टीव्हीवर ते पाहिलं आणि माझे हातपाय गळाले. लेकीला फोन लावला, उचलेना. ती कामावर होती. रात्री नऊला तिचा आला. मी विचारायच्या आत म्हणाली, "आई, ते विमान २०१४ चं होतं, माझ्या आधीचं." मग बराच वेळ गप्प. नंतर हळूच म्हणाली, "आज मी कागद तीनदा मोजले." पुढच्या महिन्यात प्राथमिक अहवाल आला, उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाला होता, असं त्यात होतं. तोवरचा महिना तिनं कसा काढला, ते ती मला अजून सांगत नाही. आईला सांगायच्या गोष्टी आणि न सांगायच्या गोष्टी मुली वेगळ्या ठेवतातच. मीही ठेवल्या होत्या.

या थंडीत सासूबाईंनी तिच्यासाठी गोधडी शिवली. वय ऐंशीच्या पुढं, पण धावदोरा अजून सरळ. आत माझ्या तीन जुन्या साड्या, वर त्यांचं इरकल. कारखान्याचं आणि स्थळांचं बोलणं त्यांनी केव्हाच सोडून दिलंय. उलट शेजारणींना सांगतात, आमची नात विमानाच्या गोधड्या शिवते.

गोधडी कुरियरनं पोचली. चौथ्या दिवशी लेकीचा फोन.

"आई, गोधडीत काहीतरी कुरकुरतंय. कोपऱ्यात."

मी सासूबाईंना विचारलं. त्या आठवू लागल्या. मग कपाळाला हात लावला. किराण्याच्या यादीचा कागद तीन दिवस सापडत नव्हता.

"आजीला फोन दे," लेक म्हणाली. आणि स्पीकरवर मोठ्यांदा ऐकू आलं, "आजी, तुझा माल रिजेक्ट!"